समद्यात मोठ्या आवाजाची डबी

बाळाचं टोपडं काढाया पेटी उघडली आन् टोपड्याच्या जागी हातात आली गाण्याची डबी. जुन्या साडीच्या तुकड्यात मीच गुंडाळून ठेवल्ती, खाली दाबून, वरून डांबरगोळ्या टाकून. सहा वर्षं झाली. उघडून नाकाला लावली. आधी सेलाच्या पाण्याचा आंबूस वास आला, आन् त्याच्या खाली, अगदी खाली, लोखंडाचा. मनीच्या पप्पाच्या खिशाचा वास तो. ते सळयांच्या मिलमध्ये व्हते तव्हाचा.

मांडीवर बाळ चुळबूळ करून राह्यलं, हातात डबी, आन् मी पेटी लावायची इसरले. कारण ह्या डबीची एक गोष्ट मी मनीच्या पप्पाला सहा वर्षं सांगितलेली नव्हती. रोज म्हणायचे, आज सांगीन. ते आल्या-गेल्याला सांगायचे, आमच्या हिनं मला गाण्याची डबी आणून दिल्ती, आख्ख्या जालन्यात कुणाच्या बायकोनं आणली नसन. मी पदर तोंडाला लावून आत पळायचे. लोकांना वाटायचं, लाजली.

तव्हा आम्ही एमआयडीसीच्या मागं पत्र्याच्या एका खोलीत राहत व्हतो. माझं लग्न होऊन तीन वर्षं झाल्ती, मनी नुकती चालाया लागल्ती. सकाळी बियाण्याच्या कंपनीकडून वारं आलं की औषध लावलेल्या बियांचा गोडसर-कडू वास यायचा, आन् वारं फिरलं की मिलचा, रिकामा तवा चुलीवर राहून गेला की येतो तसा. मिलचा आवाज तर आम्हाला ऐकूच येईना झाल्ता. तो जमिनीतून यायचा, पायाच्या तळव्याला लागायचा, हांड्यातलं पाणी बारीक थरथरायचं. सुट्टीच्या दिवशी मिल बंद असली की मनी किरकिर करायची, तिला झोपच यायची न्हाई.

मनीचे पप्पा चिमट्यावर व्हते. मिलमध्ये तापून लाल झालेली सळई एका भोकातून भर्रकन बाहेर येती, ती चिमट्यानं धरायची आन् लगेच दुसऱ्या भोकात घालायची, दिवसभर तेच. कधीमधी सळई वाट चुकते, मंग ती सरळ वर उडते, वेटोळे घेत, जिथं पडन तिथं पडन. तव्हा कुणीतरी शिट्टी मारतं आन् समदे मागं उडी मारत्यात. ते हसत सांगायचे, "बघायला टाईमच नसतो. शिट्टी झाली की उडी. बघत बसला त्याची भाजी झाली." मी म्हणायचे, "जेवताना नका सांगू." ते अजूनच सांगायचे.

आन् गायचे. मोरीत पाणी अंगावर घेताना, गाडीला किक मारताना, मनीला खांद्यावर घालताना. आवाज काही गोड नव्हता. पण ते घरी आलेत हे मला गल्लीच्या तोंडालाच कळायचं, मी चहा टाकायचे. त्या गाण्याच्या हिशोबानंच आमच्या घरात चहा उकळायचा.

दसऱ्याला माझ्या माहेरून, भोकरदनकडून, मनीला पैंजण आले, बारीक घुंगरांचे. मनी छुम छुम करत बापाच्या पाठीमागं जायची आन् ते मागं न बघता म्हणायचे, "कोण आलं? मांजर आलं का? चोर आला का?" आन् गर्रकन वळून तिला धरायचे. रोजचा खेळ झाल्ता. एका दिवशी ते उंबऱ्यात बसून चहा पीत व्हते. मनी गेली मागून. ते वळले न्हाईत. ती परत दारापोतूर आली, परत गेली, पाय आपटत गेली. ते चहा पीत राह्यले. तिसऱ्या बारीला ती तिथंच मागं उभी राह्यली, बघत, आन् मंग खाली बसून भोकाड पसरलं. तव्हा ते दचकले. "अरे, हिला काय झालं? कव्हाची आली ही इथं?"

मी भाकरी थापत व्हते. माझा हात पिठातच राह्यला.

त्या दिवसापासून मी बघाया लागले. कुकरची शिट्टी झाली तर त्यांचं ध्यान न्हाई. दार आपटलं तर बघायचे. ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा, चिमणी न्हाई. बारीक बारीक आवाज तेवढे कुणी वेचून नेल्ते. आठ-दहा दिवस मी गप राह्यले, मंग एका दुपारी इचारलं, "मिलमधली शिट्टी ऐकू येती का तुम्हाला?"

त्यांनी आधी दाराकडं बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगन. मी काय आंधळी हाय का?"

"हे बघ, कुणापाशी बोलू नको. मुकादमाला कळालं की चिमटा काढून घेईन आन् हातात झाडू देईन. मी बराबर करतो. समोरचा उडाला की मी उडतो."

"आन् समोरच्यानं उशीर केला तर?"

"मंग दोघांची बी भाजी." आन् हसले.

मी न्हाई हसले. त्या दिवसापासून ते कामाला गेले की मी दारात उभी राहायचे, मनी कडेवर, आन् मिलकडं बघायचे. बघून काय दिसतं? धूर. गाडी येताना दिसली की जीव खाली यायचा. डाक्टरकडं चला म्हणले तर म्हणायचे, जालन्यात कोणत्या बी डाक्टरकडं जा, बाकड्यावर कंपनीतला एक तरी बसलेला असतोच, सांजच्याला समद्या मिलला खबर.

आमच्या शेजारी गंगाकाकू व्हत्या. त्यांच्या मालकावरून वारं गेल्तं, उजवा हात लोंबकळत व्हता. काकू रोज त्या हाताला कोमट तेल लावायच्या आन् कणकेचा गोळा देऊन म्हणायच्या, दाबा. ते चिडायचे, शिव्या द्यायचे, पर दाबायचे. वर्षानं त्या हातानं चहाचा कप धरला. मी काकूला म्हणले, "काकू, हाताचं झालं. दुसरं काही सुस्त पडलं तर? म्हंजी कान-बिन?" कुणाचा कान ते मी सांगितलं न्हाई. काकू म्हणल्या, "अगं, अंगाचं समदं एकच. काम दिलं की जागं राहतं, बसून ठेवलं की वाळून जातं. कानाला बी कामच पायजे."

मला ते इतकं बराबर वाटलं. मी लसूण घालून तेल कडवायचे, कोमट करून त्यांच्या कानात थेंब थेंब सोडायचे, ते मांडीवर डोकं ठेवून पडायचे, खोलीभर लसणाचा वास, उशीला, माझ्या पदराला, मनीच्या केसाला. आन् मला वाटायचं, आता ह्या कानाला काम पायजे. रोज. जोरात.

घरात टेप व्हता. पर तो मोठ्यानं लावला की शेजारी पत्रा वाजवायचे, आन् कुणी इचारलं असतं, एवढ्या मोठ्यानं कामून लागतं ह्यांना? मला कानात घालायचं पायजे व्हतं, समदा आवाज कानातच जाईन आन् बाहेर कुणाला कळायचा न्हाई असं. शिलाईचे पैसे व्हते. संक्रांतीच्या आधी मनीला काखेला मारलं, पिशवीत मनीच्या पप्पाचा मिलचा सदरा घातला आन् टेम्पोत बसून मामा चौकाकडं गेले.

सदरा कशाला, तर खिशाच्या मापाला. मला वाटलं, डबी घ्यावी आन् खिशात मावू नये, मंग काय करायचं.

दुकान एका चाच्याचं व्हतं, बोळीत, पडदा टाकलेलं. आत अगरबत्तीचा आन् सोल्डरच्या धुराचा वास. उघडे रेडिओ, वायरींचे गुंते, आन् कोपऱ्यात एक कॉम्प्युटर टोपी घातल्यासारखा, रुमाल टाकून ठेवलेला.

"आओ बेटी, क्या होना?"

"खिशातला वाकमन पायजे. कानात घालायचा."

"कॅसेट का? अब कॅसेट कौन लेता. रुको." चाच्यानं कपाटातून तीन डब्या काढल्या, सौदीहून भाचा आणतो म्हणले. आन् एक चकती दाखवली. सीडी मी बघितल्ती, पर ही ल्हानी, पुरीएवढी, हातात धरली तर इंद्रधनुष्य फिरायचं. मनीनं लगेच हात घातला. "इसमें पचास गाने बैठते," चाचा म्हणले. "गाने को दबा दबा के भरते."

"दाबल्यावर गाणं तुटत न्हाई का?"

चाचा हसले. "कान को जो मालूमच नहीं पडता ना बेटी, उतना बारीक बारीक निकाल देते. बाकी गाना पूरा."

पहिली डबी काळी, मोठ्या सीडीची, ताटलीएवढी. मी सदरा काढून काऊंटरवर पसरला, खिशाला लावून बघितली, अर्धी बाहेर. चाच्यानं सदऱ्याकडं बघितलं. त्याला ठिणग्यांची भोकं पडल्ती, जवारीच्या दाण्याएवढी, समद्या छातीवर. त्यांनी एका भोकातून बोट फिरवलं. "मिल का है?"

"व्हय."

दुसरी निळी. ती खिशात अशी गेली, जशी तिथंच राहायला आल्ती. चाच्यानं ती कानाला लावून दिली आन् डबी जोरात हलवली. गाणं तुटलं न्हाई. आवाज मऊ, बाजूला बसून कुणी सांगून राह्यलं तसा. "ये लेव. मिठी आवाज. गाडी पे बी नहीं अटकती."

"अजून मोठा व्हतो का आवाज?"

"ये फुल है."

तिसरी चांदीच्या रंगाची. ती बी खिशात मावली, जरा तंग. हलवली की गाणं अटकायचं, ठेच लागल्यासारखं. पर चाच्यानं बाजूचं चाक फिरवलं आन् माझ्या कानात असा आवाज भरला की मी डोळे मिटले, वायर ओढून काढली, आन् मनी माझं तोंड बघून रडाया लागली.

"हीच द्या," म्हणले मी.

चाच्यांनी मान हलवली. "नक्को बेटी. निली लेव. ये कान फाडती. किसके वास्ते लेरी? मियां ऊंचा सुनते क्या?"

तिथं मी खरं बोलले असते तर. चाचा काय मुकादम नव्हते. पर माझ्या डोळ्यापुढं चिमटा, झाडू, समदं एकदम आलं आन् मी घाईघाईनं म्हणले, "न्हाई न्हाई, त्यांचे कान बिलकुल चांगलेत. मिलमध्ये आवाज लई असतो ना, म्हणून."

चाच्यांनी परत एकदा सदऱ्याच्या भोकांकडं बघितलं. मंग चांदीची डबी पुसून खोक्यात घातली. निळी परत कपाटात ठेवली. निळ्या डबीचं कपाटात जाणं मला अजून दिसतं. काच सरकवल्याचा आवाज बी.

चार चकत्या भरून घेतल्या. एक भजन-गवळणीची, एक शिनेमाची, एक लग्नाच्या गाण्यांची आन् एक कव्वालीची, ती चाच्यांनी त्यांच्या मनानं दिली. वरची नावं त्यांनी उर्दूत लिहिल्ती, आम्हाला कुठली वाचता येतात. मंग मी टिकल्या चिटकवल्या. भजनाला लाल, शिनेमाला हिरवी, लग्नाला चंद्रकोर, कव्वालीला काळी. आठ दिवसांत डबीनं गुर्र गुर्र करून दम सोडला. गेले पळत चाच्याकडं. त्यांनी चिमटीनं आतून माझी चंद्रकोर काढली आन् बोटावर धरून मला दाखवली. "इसकू बी सुहागन बनाया तुमने?" दुकानातले समदे हसले. मी बी हसले. मला तव्हा हसू यायचं.

ते दिवस. संक्रांत झाली, थंडी जरा तुटली, आन् रोज चारच्या पाळीवरून आले की मनीचे पप्पा हातपाय धुवून उंबऱ्यात बसायचे, खिशात डबी, कानात वायरीची बोंडं. डोळे मिटून. त्यांच्या अंगाला साबण लावला तरी लोखंडाचा वास जायचा न्हाई, तो आन् लसणाच्या तेलाचा, आन् चहात आलं. चाक पार शेवटापोतूर फिरवलेलं. मीच फिरवून द्यायचे. एवढा आवाज की बाजूला बसलं तर मला गाणं वळखू यायचं, तव्यावर मोहरी तडतडल्यासारखं. ते संगं गायचे आन् आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यानं असे वरडायचे की गंगाकाकूचे मालक त्या नीट झालेल्या हातानं पत्रा ठोकायचे. काकू म्हणायच्या, "मनीचे पप्पा, गाणं तुमच्या कानात हाय, आम्हाला कशाची शिक्षा?" ते बोंडं काढायचे. "काय म्हणता?" "म्हणलं, लई गोड गाता!" "मंग, गातोच मी!"

मला वाटायचं, कान उठून राह्यला. एकदा मनी मागून आली आन् ते वळले. मी देवाला साखर ठेवली. आता वाटतं, सावली बघितली असन.

रामनवमीला आम्ही गाडीवर जांबला गेलो, समर्थांच्या जत्रेला. मनी पुढं टाकीवर, मी मागं. डबी हलली की अटकायची म्हणून ती मी माझ्या मांडीवर दोन्ही हातात धरून बसले, तान्हं लेकरू धरावं तशी, आन् वायर माझ्या हातातून त्यांच्या पाठीवरून कानापोतूर. कुठं खड्डा आला की मी हात वर उचलायचे. वाटंत मोसंबीच्या बागा लागल्या, फुलं सरत आल्ती तरी वास असा की घास भरून घ्यावा. त्यांच्या पाठीला गाल लावला तर आतून गाणं ऐकू यायचं, ते गुणगुणत व्हते ते. माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं काही चांगलं झालं न्हाई.

मागून ट्रक आला. हॉर्न दिला, परत दिला. ते मधूनच चाललेले. मी "बाजूला घ्या, बाजूला घ्या" वरडले, पाठीवर बुक्क्या मारल्या, मंग वायरच ओढली. गाडी मातीत उतरली. ट्रक वारा मारून गेला, मनीची टोपी उडाली. ते वळून म्हणले, "कामून ओढलं? चांगलं कडवं चालू व्हतं." ते गाडी सावरण्यात व्हते, त्यांना ट्रक दिसला न्हाई, टोपी उडालेली दिसली. मी खाली उतरून टोपी आणली. मला वाटलं, गाण्यामुळं ऐकू आला नसन. आधी ट्रकचा हॉर्न तरी ऐकू यायचा.

जेठाच्या महिन्यात ते म्हणाया लागले, डबी थकली. "सेल उतरले गं, बारीक येऊन राह्यला आवाज." मी नवे सेल टाकायचे. दोन दिवसांनी परत, "उतरले." परत नवे. मी जुने सेल उन्हात ठेवायचे, पत्र्यावर रांग लागल्ती. शेवटी म्हणले, "नेऊन दाखव चाच्याला. आतलं काहीतरी गेलंय."

नेली. चाच्यांनी बोंडं कानाला लावली, बटन दाबलं, आन् विंचू चावल्यासारखी ओढून काउंटरवर फेकली. चाक बघितलं. ते शेवटाला व्हतं.

"बेटी, इसकू कुछ नहीं हुआ. बिलकुल बराबर है." मंग हळू म्हणले, "कितने दिन से सुनरे इतनी आवाज में?"

"पाच महिने. रोज."

"रोज?"

"कानाला काम पायजे ना चाचा. काम दिलं की जागं राहतं."

चाच्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "या अल्ला. कौन बोला तेरकू? सच बोल, मियां के कान पहलेसेच खराब थे ना?"

मी मान हलवली. व्हय म्हणून. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणले, जल्दी बडे डाक्टर कू दिखाव, जालने में नहीं तो औरंगाबाद में दिखाव. आन् डबीचं काहीच घेतलं न्हाई, घ्यायला त्यात काय झाल्तं.

औरंगाबादला गेलो, एसटीनं. मनीला काकूपाशी ठेवलं. डाक्टरनं मनीच्या पप्पाला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर टोप्या, हातात बटन. बाहेर एक बाई मशीनचं चाक फिरवायची. आतमध्ये आवाज आला की त्यांनी बटन दाबायचं, इतकंच. मी काचेतून बघत व्हते. बाईनं चाक फिरवलं, ते बसून. परत फिरवलं, ते बसून. मंग ते दाबाया लागले, बराबर दाबाया लागले, मला इतका आनंद झाला, मी जवळजवळ टाळी वाजवली. मंग मला दिसलं. ते बाईच्या हाताकडं बघून राह्यलते. तिचा हात हलला की दाबायचे. मिलमध्ये समोरचा उडाला की उडायचे तसं.

बाईला बी दिसलं. तिनं त्यांची खुर्ची भिंतीकडं फिरवली. मंग ते पाठमोरे बसले, मान ताठ, बटन दोन्ही हातात धरून. बाई चाक फिरवत राह्यली. मी त्यांच्या मानंकडं बघत राह्यले. अंगठा हललाच न्हाई.

डाक्टरनं मला एकटीला बोलवलं. म्हणले, "मिलमधल्या आवाजानं सुरुवात झाली असेल. पण इतक्या लवकर इतकं जात नाही. आणखी काय ऐकतात ते?" मी डबीचं सांगितलं. डाक्टरनं पेन खाली ठेवला. "दुखऱ्या कानावर तुम्ही रोज मारत होता, बाई. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते सांभाळा." मी इचारलं, तेल घालू का? ते म्हणले, काही घालू नका.

बाहेर बाकड्यावर हे बसलेले. माझं तोंड बघून उठले. "काय म्हणले?"

"मिलनं गेले म्हणले."

"काय?"

"मिलनं!" मी जोरात म्हणले, बाकड्यावरच्या माणसांनी बघितलं.

ते परत बाकड्यावर बसले. मंग त्यांनी खिशावर हात ठेवला. "म्हंजी तुझ्या डबीनं तरी पाच महिने धरून ठेवले."

मी व्हय म्हणले. तव्हा न्हाई म्हणायचं राह्यलं ते राह्यलंच.

त्याच आठवड्यात त्यांनी आपण होऊन मुकादमाला सांगितलं. आता बियाण्याच्या गोदामात थैल्यांची तोंडं शिवत्यात, तिथं ऐकू आलं न्हाई तरी चालतं. वर्षभरात उरलेलं बी गेलं. मी डबी पेटीत घातली, म्हणले बिघडली. ते गाणं म्हणायचं कव्हा बंद झाले मला आठवत न्हाई. असं न्हाई की एका दिवशी थांबले. मला एका सांजच्याला कळालं की मी गाडी दारात आल्यावर चहा टाकून राह्यले.

आता आम्ही बोटांनी बोलतो, तोंड हलवून बोलतो. मनी आठ वर्षांची झाली, तिला ते समदं येतं, तिच्यासाठी बाप म्हंजी असाच.

आज पेटी उघडी राह्यली. मी बाळाला टोपडं घालून भाकरी थापाया बसले आन् हे आले, हाताला बियांच्या औषधाची गुलाबी भुकटी. मनीनं डबी उचलली. "पप्पा, हे काय?" त्यांनी हातात घेतली. इतके खूश झाले. आता त्यांचा आवाज लई मोठा निघतो, त्यांना ठावं नसतं. "हे तुझ्या मम्मीनं आणल्तं! माझे कान जायला लागले ना, तर हिनं एकटीनं जाऊन आणलं, लेकरू काखेत घेऊन! हे नसतं ना, तर मी तव्हाच बहिरा झालो असतो!"

आन् मला ते सोसलं न्हाई. मी उठून त्यांच्या तोंडासमोर गेले. आधी नुसतं तोंड हलवलं. त्यांनी "काय?" केलं. मंग मी वरडले, घसा फाटस्तोवर, "ह्या डबीनं गेले कान! मिलनं जेवढे जायचे तेवढे गेल्ते, बाकीचे मी घालवले! डाक्टरनं मला सांगितलं व्हतं!"

शेजारी भाकरीचा थप थप आवाज चालू व्हता तो थांबला. गल्लीत पोरं खेळत व्हती ती थांबली. बाळ दचकून रडाया लागलं. समद्या गल्लीनं ऐकलं.

हे माझ्या ओठांकडं बघत व्हते. मंग त्यांनी डबीकडं बघितलं. मनी मधी उभी, एकदा माझ्याकडं बघायची, एकदा त्यांच्याकडं.

"तुला कव्हापासून ठावं?" म्हणले ते. ह्या बारीला हळू. इतक्या हळू ते कसे बोलले काय ठावं.

मी हात वर केला. पाच बोटं दाखवली, आन् दुसऱ्या हाताचं एक.

त्यांनी ती बोटं बघितली. डबी चौरंगावर ठेवली, सांभाळून, उलटी न्हाई सुलटी, आन् बाहेर जाऊन वट्यावर बसले.

अजून तिथंच हायेत. दिवस मावळायला आलाय. मी भाकरी केल्या, बाळाला पाजलं, मनीच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहून राह्यले, दारातून त्यांची पाठ दिसती. दुसऱ्या कुणाचा नवरा असता तर इथून हाक मारली असती, अहो ऐकलं का. माझी हाक तिथवर जायाची, त्यांच्यात जायाची न्हाई. त्यांना काही म्हणायचं तर उठून त्यांच्या म्होरं जाऊन उभं राहावं लागन, उजेड माझ्या तोंडावर पडन असं. आन् मंग त्यांचं तोंड बी मला बघावं लागन.

बाळाला खांद्यावर घेते. उजेड हाय तवर जाते.